शाईखालची नागीण

प्रिय बेनेदिक्तो,

तिलोचा ट्रक दुपारी इथल्या बाजारातून पोलो गावी परत निघतो आणि तुमच्या कॉफीच्या डोंगरावर फोन लागत नाही, म्हणून हे घाईचं पत्र. अक्षर वाकडं आलं तर हसू नकोस. आपली धाकटी बहीण मिल्केया राजधानीच्या इस्पितळात आहे. जिवंत आहे, पण मला फार भीती वाटते.

गेल्या सोमवारी तिच्या डाव्या कुशीत आग व्हायला लागली आणि मंगळवारी फोडांची ओळ उठली. नागीणच ती. तुझी किडनी तिला बसवली तेव्हा डॉक्टर पेगेरोबाईंनी बजावलं होतं, हिची प्रतिकारशक्ती आम्ही गोळ्यांनी मुद्दाम दाबून ठेवलीय, अंगावर साधा फोड दिसला तरी त्याच दिवशी यायचं. मिल्केयाने पायात चपला घातल्यासुद्धा होत्या. मीच दारात आडवी आले. म्हटलं, नागिणीवर डॉक्टरचं काही चालत नाही, तिला मंत्र घालणारी दोन्या चेपाबाईच बांधते. आईची तिनेच उतरवली होती, तुझीही. चेपाने प्रार्थना पुटपुटत फोडांभोवती शाईने पवित्र नावं लिहिली, तोंडाला शेपूट मिळू नये म्हणून. आणि सांगितलं, तीन दिवस पाणी लावायचं नाही, डॉक्टरचा हात लागू द्यायचा नाही. तू मला हवालदारीण म्हणतोस ना, तशीच पहाऱ्याला बसले.

शाईखाली काय चाललंय ते दिसलंच नाही. शुक्रवारी कपाळावर, दंडांवर, पाठीवर फोड आले, ताप चढला, अंगणातून घरात येईस्तोवर तिला धाप लागली. इथे आणलं तेव्हा नर्स स्पिरिटच्या बोळ्याने ती नावं पुसत होती आणि मिल्केया ओठ चावत होती. पेगेरोबाईंनी एवढंच विचारलं, फोड येऊन किती दिवस झाले. चार म्हटलं. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आता ती वेगळ्या खोलीत आहे. दर आठ तासांनी विषाणूवरचं औषध शिरेतून तासभर थेंब थेंब सोडतात. ते किडनीवाटेच बाहेर पडतं, तिला इजा होऊ नये म्हणून सोबत भरपूर सलाईन देतात आणि लघवी मोजतात. विषाणू फुप्फुसात उतरलाय. मी मास्क लावून तिचे श्वास ऐकत बसते. एखादा लांबला की माझाच जीव जातो. काल तिने उकडून कुस्करलेल्या कच्च्या केळ्याचे दोन घास खाल्ले आणि मीठ जास्त झालंय म्हणून मला टोमणा मारला. मी बाहेर जाऊन पोटभर रडले.

बाई म्हणतात, नुसत्या औषधाने भागणार नाही, तिच्या शरीरालाही लढू द्यायला हवं. त्यासाठी किडनी सांभाळणाऱ्या गोळ्यांपैकी एक बंद आणि दुसरी कमी करायची. मग शरीर त्या किडनीला परकं समजून झिडकारेल, अशी भीती आहे. टिकेलही कदाचित. मिल्केया ऐकायलाच तयार नाही. धापा टाकत, माझ्याकडे बोट दाखवून बाईंना म्हणाली, "दादाने पोट चिरून दिलंय, ते मी टाकणार नाही. नेरेइदाला काय विचारता? तिच्या अंगातलं नाही ते." ती शुद्धीत असेपर्यंत तिच्या मनाविरुद्ध कुणाला काही करता येत नाही.

तिचं बोलणं खरं आहे, आणि किती खरं आहे ते तिला ठाऊक नाही. दोन वर्षांपूर्वी मी सगळ्यांना सांगितलं की माझं जुळलं नाही. बेनेदिक्तो, मी तपासणीला गेलेच नव्हते. इस्पितळाच्या फाटकापर्यंत गेले, घाबरले, आणि भाजी घेऊन घरी आले. तेव्हापासून तुझा सदरा वर झाला की मी मान वळवते. आज सकाळी मी त्या तपासणीसाठी रक्त देऊन आले. जुळलं तरी ती फार पुढची गोष्ट, असं बाई म्हणाल्या. पण किडनीचा हट्ट सोड, असं मी मिल्केयाला सांगून उपयोग नाही. माझ्या शब्दावर तिने एकदा चार दिवस घालवलेत. उद्या पहाटे तिलो खाली येतो, त्याच्या शेजारी बसून ये. मला काय बोलायचं ते नंतर बोल, तोंड बघितलं नाहीस तरी चालेल. आधी तिच्या खाटेपाशी जा आणि तुझ्या तोंडाने सांग, की ती किडनी गेली तर जाऊ दे, तू राहा.

वाट बघणारी, तुझीच घाबरट,
नेरेइदा