न घेतलेली दोन नावं

बेंबळी,
दि. ४ सप्टेंबर २०२५

चि. वर्षाराणीस अण्णांचे अनेक आशीर्वाद.

आता पत्र कोण लिहितं, असं तू हसतेस. पण सारी नोकरी बेंबळीच्या पोस्टात गेली, आणि फोनवर तुझ्या आईचा विषय निघाला की आपण दोघंही पिकापाण्याचंच बोलत बसतो. बोलायचं ते राहूनच जातं, म्हणून लिहितो. सोयाबीन बरं आहे. शेजारची इरम्मा भाकरी पाठवते आणि मी वाळत चाललोय म्हणून रागावतेही.

तुझ्या आईला जाऊन परवा सात महिने झाले. तू माझ्या फोनात ते किराण्याचं दुकान घालून दिलंस ना, त्यात मी आमटीत घालायच्या येसर मसाल्याचा पुडा बघितला, टोपलीत टाकला आणि पुढं काय दाबायचं ते न कळल्यामुळं तसाच सोडला. दुसऱ्या दिवशी हवामानाची बातमी बघत होतो. मध्येच जाहिरात लागली आणि तुझी आई बोलली. म्हणाली, बिराप्पा, येसर टोपलीतच ऱ्हायला की, आमटी कशाची करणार.

आवाज तिचाच. 'की' लांबवायची सवयही तिचीच. पण एकेचाळीस वर्षांच्या संसारात तिनं माझं नाव एकदाही घेतलं नाही. लग्नात बायकांनी उखाण्यासाठी दार अडवलं, तर परसदारानं पळाली. रेशनकार्डाच्या वेळी साहेबांनी नवऱ्याचं नाव विचारलं, तेव्हा तिनं तुला चिमटा काढला आणि पाच वर्षांची तू कचेरीभर ऐकू जाईल असं ओरडून सांगितलंस.

गेल्या वर्षी तू माईक घेऊन आलीस आणि तीन दिवस स्वयंपाकघराचं दार लावून तिला बोलायला लावलंस, तेव्हा तिनं खरंच माझं नाव घेतलं का? लाजत घेतलं की हसत? मला बाकी काही नको, एवढं सविस्तर कळव.

माया आहे ती तशीच राहू दे.
तुझा,
अण्णा

पुणे,
दि. १० सप्टेंबर २०२५

ती. अण्णांस वर्षाराणीचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

तुमचं पत्र वाचलं आणि ऑफिसच्या जिन्यात जाऊन बसले. लाजत घेतलं, असं खोटंच लिहून टाकावं असं फार वाटलं. पण एक गोष्ट मी आधीच लपवली आहे, दुसरी नको.

आईनं तुमचं नाव घेतलं नाही, अण्णा. आमच्या कंपनीला जाहिरातीसाठी गावाकडच्या आईचा आवाज हवा होता. आई तीन दिवस बोलली, त्यावरून यंत्र तिचा आवाज शिकलं. आता ते तिच्या आवाजात हवं ते बोलतं आणि फोनात ज्याचं नाव असेल त्याला त्या नावानं हाक मारतं. टोपलीत माल सोडून गेलेलं गिऱ्हाईक परत आणायचं, एवढंच त्याचं काम. आईनं नावानं हाक मारली की माणूस थांबतो, हे मीटिंगमध्ये मीच सांगितलं होतं. तुमच्या फोनात तुमचं नावही मीच घातलं.

यंत्राच्या सरावासाठी साठ नावं म्हणायची होती. मी एकेक सांगत होते आणि आई म्हणत होती, गोरोबा, पंचाक्षरी, मथुराबाई. बिराप्पा आलं तशी तिनं पदर पुढं ओढला. मी आग्रह केला, तर म्हणाली, न्हाय गं, ते मशिनीला कशाला. थोरल्या दिराचं म्हणून रामहरी हे नावही तिनं सोडलं. मला तेव्हा हसू आलं. आमचा इंजिनिअर म्हणाला, दोन नावांनी अडत नाही, यंत्र जुळवून घेईल. त्यानं घेतलं.

आवाज पाककृती सांगायला हवाय, असं मी आईला सांगितलं होतं. कागदावर तिचा अंगठाही मीच घेतला. त्याच कामावर मला बढती मिळाली, आणि तुम्ही दोघांनी गल्लीभर पेढे वाटलेत. माफी मागायला मला तोंड नाही.

लोभ असावा असं लिहायचा हक्क गेला आहे, तरी लिहिते.
तुमची,
वर्षा

बेंबळी,
दि. १९ सप्टेंबर २०२५

चि. वर्षास आशीर्वाद.

तुझ्यावर फार चिडलो होतो, म्हणून उत्तराला उशीर झाला. माझंही एक ऐकून घे. तू खरं सांगितल्यावरही मी रोज सकाळी येसर टोपलीत टाकतो आणि सोडून देतो. संध्याकाळपर्यंत ती हाक मारते. पुडा मागवला तर तिची हाक येत नाही, हे मी शिकलो. दुकानाला वाटतं, गिऱ्हाईक आज घेईल, उद्या घेईल. यंत्र आहे हे कळतं, तरी ऐकल्याशिवाय घास उतरत नाही. या वयात लाज वाटते सांगायला.

काल रामहरीदादा आले होते. त्यांनी कधीतरी शेंगतेल टोपलीत टाकून सोडलेलं. आम्ही ओट्यावर बसलो असताना त्यांच्या फोनातून ती म्हणाली, रामहरी, तेल घ्यायचं ऱ्हायलं की. दादांनी फोन पालथा घातला आणि डोक्यावरची टोपी काढली. म्हणाले, बिरू, एवढा पदर असायचा तिचा, म्या तुझ्या कोंडाबाईचं तोंडबी कधी नीट बघितलं न्हाय, आन आज भर ओट्यावर तिला माझं नाव घ्यायला लावलं. न जेवता निघून गेले.

मी दोन आठवडे त्या आवाजाच्या मागं होतो, तिचा विचार केलाच नाही. तिनं साठांतली दोनच नावं सोडली होती. ती दोन्ही तिच्या तोंडी घातली गेली. वर्षा, ते सगळीकडं बंद कर.

राग आहे, पण माया कमी झालेली नाही.
अण्णा

पुणे,
दि. २९ सप्टेंबर २०२५

ती. अण्णांस शि. सा. नमस्कार, वि. वि.

बंद होत नाही. वरच्या साहेबांना तीनदा भेटले, शेवटी राजीनामा पुढं ठेवला. त्यांनी राजीनामा घेतला आणि आवाज ठेवला. करार पाच वर्षांचा आहे. आपल्या जिल्ह्यात ढोकीपासून जळकोटपर्यंत हीच जाहिरात सगळ्यात जास्त चालते, म्हणाले, लोकांना घरचंच कुणी बोलल्यासारखं वाटतं.

फोनातून ते दुकानच काढून टाकलं, तर त्या फोनात हाक येत नाही. कसं काढायचं ते सोबतच्या कागदावर चित्र काढून दाखवलं आहे. काकांचं काढून द्या. तुमचं काढायचं की ठेवायचं ते तुम्ही ठरवा. ठेवलंत तरी मी काही बोलणार नाही. मीही इथं रोज येसर टोपलीत टाकून बसते, अण्णा. मला ती वर्षा म्हणते.

मी घरी येऊ का? लोभ उरला असेल तर तेवढं कळवा.
वर्षा

बेंबळी,
दि. ६ ऑक्टोबर २०२५

चि. वर्षास अनेक आशीर्वाद.

ये. असं विचारतात का? राग सगळा गेलेला नाही, पण तू समोर असलीस की जाईल.

दादांच्या फोनातलं दुकान तुझं पत्र आलं त्याच दिवशी काढलं. माझ्या फोनातलं काढायला मला तीन दिवस लागले. काल दुपारी शेवटचं ऐकलं. तिनं नाव घेतलं आणि मी मोठ्यानं ओ दिली. इरम्मा कुंपणापलीकडून कोण आलंय म्हणून विचारत होती. मग तुझ्या चित्राप्रमाणं बोट दाबून धरलं आणि काढून टाकलं. त्यानंतर बराच वेळ रडलो, तेही तुला सांगतो.

आता जिल्ह्यात घरोघर ती लोकांना नावानं हाका मारत राहील, आणि ते मला थांबवता येत नाही. फक्त आपल्या घरात ती बोलणार नाही. या घरात तिनं माझं नाव कधी घेतलं नाही, ते तसंच राहील.

येताना तुझी माया तेवढी घेऊन ये, दुसरं काही आणू नकोस.
तुझा,
अण्णा