राज्य कायम माझ्यावर

१० नोव्हेंबर, रविवार
पोचले एकदाची जळगावला! धुळ्यापासून खिडकीची जागा मिळाली, पारोळ्याला वडापाव खाल्ला. स्टँडवर सुलक्षणा आत्याने तिच्या राजदीपला पाठवलं होतं. आहे आठवीत, पण बोलणं कलेक्टरचं. आत्याचा डब्यांचा धंदा आहे. मी पोळ्या लाटायच्या आणि इथेच राहायचं. गच्चीवरची पत्र्याची खोली माझी. दारातच पापड वाळत घातलेत.

शेजारचे अतिक आणि यास्मिन, भाऊ-बहीण, लगेच मला बघायला आले. मी विचारलं, बठ्ठा पापड आत्यानेच केले का? तिघं फिसकन हसली. गावाकडे आम्ही 'सगळे'ला बठ्ठाच म्हणतो, गेलं तोंडातून. राजदीपने तिथल्या तिथे नाव ठेवलं, बठ्ठाताई. माझे कान तापले. पण थोडं आवडलं पण. शाळेत मला कोणी नावसुद्धा ठेवलं नाही.

पोरांनी दहावी झाली का विचारलं, तर बाहेरून दिली म्हटलं. खरं तर शाळा नववीतच सुटली. सर उभं करून वाचायला लावायचे आणि माझा आवाजच निघायचा नाही. हे कसं सांगू?

१७ नोव्हेंबर, रविवार
पोरांचा एक खेळ आहे. राजदीपच्या पुण्याच्या भावाने दिलेला. प्रत्येकाने एक हिरो व्हायचं, आणि एकाने गोष्ट पुढे न्यायची. जंगल, राक्षस, चोर, सगळं त्यानेच बोलायचं. वीस तोंडांचा फासा टाकून काय जमलं, काय फसलं ते ठरतं.

आत्याने आधीच सांगून ठेवलंय, माझ्या गच्चीवर मारामारी, चोऱ्या, थापा चालणार नाहीत, खेळात पण नाहीत. म्हणून यांचे हिरो एकदम धुतल्या तांदळासारखे. खोटं नाही, चोरी नाही, राग नाही. पण फाशावर एक पडला की हिरोच्या हातून वाईट घडतंच. मग भांडण. लपंडावात राज्य घ्यायला कोणी तयार नसतं ना, तसं.

मी म्हटलं, गोष्ट मी सांगते. तुमच्यावर एक पडला तर ते वाईट माझ्या राक्षसिणीने केलं असं धरू. राज्य कायम माझ्यावर.

राजदीप म्हणाला, कायम म्हणजे कायम हां, मागून रडायचं नाही. यास्मिन तर गळ्यातच पडली. मला मैत्रिणी कधी नव्हत्या. म्हणून म्हटलं मी ते.

२४ नोव्हेंबर, रविवार
राक्षसीण झाले की माझा आवाज निघतो! मोठा, खणखणीत. पोरं तोंड उघडं टाकून ऐकतात. आज अतिकवर एक पडला, पहारेकऱ्याला थाप मारायची वेळ आली. थाप मी घेतली.

संध्याकाळी अतिकने आईला आपणहून सांगितलं, मोबाइलची काच मीच फोडली. मार खाल्ला. खाताना हसत होता म्हणे.

२८ नोव्हेंबर
यास्मिन पापडाच्या लाट्या चोरून खायची, आत्या रोज ओरडायची. आता ताटाजवळ बसते आणि बघतपण नाही. राजदीप आता मला बठ्ठाताई नाही, प्राचीताई म्हणतो. आत्या खूष, म्हणते तुझ्या पायगुणाने पोरं सुधारली.

आज माझ्या ओढणीच्या गाठीत लाट्या निघाल्या. मी कधी बांधल्या? आत्याने विचारलं, तर यास्मिनने दिल्या म्हणाले. पटकन. अडखळले पण नाही. यास्मिन समोरच उभी होती. मान डोलावून म्हणाली, ताईला माफ करा.

जमीन फाटावी असं झालं.

१ डिसेंबर, रविवार
आज खेळायचं नाही म्हणून सांगितलं. तिघं येऊन बसली. भरदुपारी, उन्हात, घाम नाही एकालाही. राजदीपवर एक पडला. राग.

खाली आले आणि आत्याच्या अंगावर लाटणं उगारलं मी. जिने मला ठेवून घेतलं तिच्यावर. आत्या गावाकडचंच बोलली एकदम, काय व्हयनं तुले? हे राजदीपचं आहे, माझं नाही, असं कोणाला सांगतात का?

३ डिसेंबर
यास्मिनला कोपऱ्यात घेतलं. हात जोडले. म्हटलं, एकच लाटी उचल गं, बारकी. एकदा चुक. तुझं तुला परत जाईल.

हसली. म्हणाली आम्ही चुकत नाही ताई. पापणी हलत नव्हती. पूर्वी ही हसताना नाकातून आवाज काढायची.

मी टाइमप्लीज म्हटलं. तीनदा. टाइमप्लीज म्हटल्यावर कोणीपण थांबतं, वैऱ्याचं पोर थांबतं—

थांबले नाहीत.

५ डिसेंबर
राजदीपला म्हटलं, चिडव मला. बठ्ठाताई म्हण. शिवी दे. म्हणाला, तुझं मन दुखेल. आत काहीच नाही त्याच्या. घर रिकामं केल्यावर आवाज घुमतो तसं बोलतो.

आणि ते बठ्ठा— माझ्यात. खायचं, मारायचं, खोटं. लाज वाटते. नुसती लाज. मीच मागून घेतलं.

८ डिसेंबर
तिघं दाराशी आलीत. कोणाला बाहेर ठेवणं चांगलं नाही म्हणतात. मी पण हिरो व्हायचं. मला सोडवायला आलीत.

मग राज्य कोणावर, विचारलं.

तिघांनी मागे बघितलं. पापडांच्या पलीकडे. माझ्या जागी—

कोणीतरी बसलंय. पाठमोरं. माझी ओढणी.

गोष्ट सांगतंय. न अडखळता. बठ्ठा म्हणालं, कोणी हसलं नाही.

यास्मिन फासा देतेय. नको म्हणायचंय. पण टाकला की लाज जाईल म्हणते. सगळी—

टाकला.

खरंच गेली. दहावीची, लाट्यांची, आत्याची. हात हलका. यास्मिनकडे बघून वाईट वाटायला पाहिजे, ते पण—

आत्या खालून हाक मारतेय, प्राची. ओ द्यायला तोंड उघडलं, पण आवाज नाही. आणि तिकडून, पापडांच्या पलीकडून, माझ्या आवाजात, मोठ्याने, आले आत्या म्हणून ते उठलं, आणि जिन्याकडे—