दीड लुगडं खोल विहीर

॥ श्री ॥
कोल्हार, दि. २० फेब्रुवारी १९७३

ती. रतनअक्कास,
धाकट्या बन्सीचा सा. न. वि. वि.

या दोन हातांनी आजवर काय काय केलं, ते एकदा लिहूनच काढतो. गुऱ्हाळाच्या चरकाचे दाते. मूळचे बिडाचे होते ते मोडले, मी घडीव लोखंडाचे बसवले, ते अजून झिजायचे आहेत. सोसायटीचा काटा, जो पूर्वी पोत्यामागे किलोभर खायचा आणि मी हात लावल्यापासून उपाशी आहे. कडबा तोडायची यंत्रं तीन, त्यांतल्या एकानेही अजून कुणाचं बोट नेलेलं नाही. मिशनच्या दवाखान्यातली खाट, दांडा फिरवला की जिची उशाकडची बाजू वर येते. तुझ्या लग्नातला बंब, ज्याला आजतागायत गळती नाही. असेल तर तू कळवलं असतंस, सोडलं नसतंस. यातलं मला कुणी शिकवलं नाही. चौथीत शाळा सुटली, पुढचं मी मोडक्या वस्तू उघडून शिकलो.

हे सगळं तुला ठाऊक आहे. तरी लिहितो, कारण परवा जनहित व्यापारी मंडळाच्या सभेत अध्यक्ष राधाकृष्णशेठ, म्हणजे आमचे सिमेंट-पत्र्याचे दुकानदार, यांनी चारचौघांत मला विचारलं, की बन्सीभाऊ, तुम्ही आजवर नेमकं केलंय तरी काय? तिथे उत्तर सुचलं नाही. घरी आल्यावर सुचलं, म्हणून तुला पाठवतो.

झालं असं. तुमच्या राजूरच्या वरच्या वाडीच्या विहिरीत पायरी निसटून बनुबाईचा खुबा मोडला, हे तुझं पत्र मी सभेत वाचून दाखवलं. म्हटलं, त्या विहिरीवर हापसा बसला तर बायांना आत उतरावं लागणार नाही. हापसा मी करतो, मजुरी घेणार नाही. मंडळाने पाइप आणि लोखंड द्यावं. सगळ्यांनी एकदम हो म्हटलं आणि मग अंधार पडेपर्यंत चर्चा झाली ती पाटीची. पितळी पाटी, वर ‘सप्रेम भेट’, खाली अकरा दुकानदारांची नावं. विहीर किती खोल, हे कुणी विचारलं नाही. नावं वयाप्रमाणे, की देणगीप्रमाणे, की बाराखडीप्रमाणे, यावर मात्र दोन चहा झाले. बाराखडी ठरली तेव्हा कापडवाले श्रीमंतशेठ उठून म्हणाले, की मग माझं आडनाव आधी घाला, आढाव ‘आ’वरून येतं. मी विचारलं, करणाऱ्याचं नाव कुठे? राधाकृष्णशेठ हसून म्हणाले, तुमचं कसं येईल, तुम्ही तर काम करताय!

असो. विहिरीची खोली नीट मोजून कळव. अंदाज नको. दुसरं, हापशाच्या दट्ट्याला चामड्याचा वायसर लागतो, वाटीसारखा. सहादेव चांभार म्हणतो, यंदा कातडं पाहिजे तेवढं पडलंय, दुष्काळात दावणी रिकाम्या होतायत. पण कमवायला हिरडा नाही. तुमच्या डोंगरात असेल तर पाहा.

दाजींना नमस्कार. पार्वतीचा खोकला आहे तसाच आहे, ती तुझी आठवण काढते. लोभ आहेच, तो या भावाच्या बडबडीने पातळ होऊ देऊ नये.

तुझा,
बन्सी


राजूर, दि. २८ फेब्रुवारी १९७३

चि. बन्सी यास,
अक्काचे अनेक आशीर्वाद.

बंबाला गळती आहे. चार वर्षं आहे. खाली परात ठेवते. तुला वाईट वाटेल म्हणून कळवलं नव्हतं, पण तू फारच चढलास.

विहीर मोजली. आमच्या महिला मंडळाच्या बाया बालवाडीतल्या फूटपट्टीने मोजायला निघाल्या होत्या, मी थांबवलं. मग बनुबाईच्या सुनेने, हौसाने, लुगड्याला दगड बांधून सोडला. विहीर दीड लुगडं खोल आहे. तू नाक मुरडशील ते इथून दिसतंय, म्हणून आधीच सांगते, लुगडं आठवारी. तुमच्याकडचं नऊवारी धरून पाइप कापशील आणि मग माझ्या नावाने खडे फोडशील.

आता महत्त्वाचं. तुझं पत्र बायांना वाचून दाखवलं. पाटीचं ऐकून बनुबाई अंथरुणावरून म्हणाली, की आमी काय भिकारी हाय व्हय? गेल्या साली एका संस्थेने बालवाडीला सतरंजी दिली, तेव्हा आम्हाला हात जोडून तिच्या कडेने उभं केलं आणि फोटो काढला. सतरंजी विरली, फोटो त्यांच्या कचेरीत टांगलाय म्हणतात. बायांचं म्हणणं असं, की हापसा सावडीने घेऊ. आज मी तुझ्या शेतात, उद्या तू माझ्या, तशी सावड. घराघरांतून साठवलेला हिरडा गोळा केला आहे. एक पोतं एस. टी.च्या टपावर टाकून पाठवते. सहादेवाला वायसरापुरता लागेल तेवढा लागेल, उरलेल्यात त्याने आपलं कातडं कमवावं. विहिरीच्या काठावरची दगडमाती बाया काढतील. भेट नको म्हणून शेठना सांग, नीट शब्दांत. तुझ्या शब्दांत नको.

पार्वतीला सांग, खोकला अंगावर काढू नको. माया अशीच राहू दे आणि जीभ जरा आवर.

तुझी,
अक्का


कोल्हार, दि. ८ एप्रिल १९७३

ती. अक्कास,
बन्सीचा सा. न. वि. वि.

बंबाचं वाचून दोन दिवस जेवण गेलं नाही. तळाच्या जोडाला असणार. तो जोड मी केलेला नाही, तुझ्या सासरी कुणीतरी नंतर उघडला आहे. विचारून कळव.

हापसा तयार आहे. दीड लुगडं हे माप माझ्या टेपवर नाही. छत्तीस फूट धरले. एवढ्या खोलीवरून पाणी वरून ओढून येत नाही, म्हणून दट्ट्याचं नळकांडं तळाशी ठेवलंय. हे मंडळाच्या एका पदवीधर सभासदाला समजावत होतो, तर तो म्हणाला, रंग हिरवा द्या, शेतकऱ्यांना आवडतो.

मंडळाचा पाइप आला नाही. आधी गोदामाची किल्ली सापडेना, मग भाव वाढले, मग शेठ म्हणाले, भावना महत्त्वाची. शेवटी मिशनच्या दवाखान्यातले थॉमस मास्तर मला म्हणाले, आमच्या बंद विहिरीतला पाइप पडून आहे, घेऊन जा. बदल्यात आमच्या रोग्याच्या ढकलगाडीची चाकं सरळ करून दे. केली. त्यांनी पाटीचा विषय काढला नाही. तुमच्या हिरड्यात सहादेवाने वायसर असा केला, की मी दोष काढायला बसलो आणि उठलो. उरलेल्या हिरड्यावर त्याचं दुकान पुन्हा चालू झालंय, तो बायांना रामराम सांगतो. मंडळाने दिलं काय, तर हिरव्या रंगाचा एक डबा आणि ती पाटी.

आणि हापसा आहे कुठे? राधाकृष्णशेठच्या दुकानापुढे, टेबलावर, हार घालून! पाडव्याला पुण्याहून मोठे पाहुणे येऊन उद्घाटन होणार होतं. ते आले नाहीत. हार वाळला, दुसरा घातला. आता म्हणतात पुढच्या आठवड्यात, नाहीतर त्याच्या पुढच्या. कोल्हारात उद्घाटन करायला इथे विहीर कुठली म्हणून विचारलं, तर पाहुणे दांडा हलवतील आणि मागून पोऱ्या बादली ओतेल अशी व्यवस्था आहे म्हणे. भेट नको हा तुमचा निरोप मी नीट शब्दांत दिला. शेठ म्हणाले, बाया लाजाळू असतात.

मला जाळतंय ते वेगळंच. चामडं ओलं राहिलं पाहिजे. असं उन्हात ठेवलं तर वायसर आखडून चिरेल, आणि चिरलेला वायसर म्हणजे नुसता दांडा हलवायची कसरत. रोज दुपारी जाऊन पाणी घालतो, तर शेठचा मुनीम ओरडतो, की पाटीवर डाग पडतात. मी हापसा दुकानात नेऊ का दिला, असं विचारशील. पाटीवर अजून एका नावाची जागा आहे असं शेठ म्हणाले होते, ते एक असो.

दाजींना नमस्कार. आहे ती माया आहे तशी ठेवावी.

बन्सी


राजूर, दि. १३ एप्रिल १९७३

चि. बन्सीस आशीर्वाद.

ते एक असो कसं? मी तुला अंगाखांद्यावर खेळवलंय. तुझ्या पत्रात जो राग आहे, त्यातला अर्धा वायसराचा आणि अर्धा बाराव्या नावाचा आहे. अकरा शेठ पाहुण्यांची वाट पाहतायत, आणि तू पाटीवाल्याची. हापसा टेबलावर आहे तो तुमच्या सगळ्यांच्या नावांपायी. तू वेगळा नाहीस, फक्त तुला काम येतं.

इकडचं ऐक. बनुबाईच्या जागी आता हौसा विहिरीत उतरते. तिला सहावा महिना आहे. पाणी तळाच्या कपारीत उरलंय, ते वाटीने घागरीत भरावं लागतं, आणि घागर वर ओढेपर्यंत ती खाली एकटी. काल तिचा पाय त्याच पायरीवरून सरकला. दोर धरला म्हणून वाचली. मी तिला म्हटलं, तू उतरू नको, मी उतरते. तर म्हणाली, बाई, तुमी जाड हाय, तुमाला वर कोन वढंल? सगळ्या हसल्या, मीही हसले. घरी येऊन मला जेवण गेलं नाही.

तू रागाची पत्रं फार चांगली लिहितोस. आता लिहू नको, हापसा घेऊन ये.

अक्का


कोल्हार, दि. २९ एप्रिल १९७३

ती. अक्कास,
बन्सीचा सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. वाडीत पाणी आलं तेव्हा तू माझ्या शेजारीच होतीस, त्यामुळे ते लिहीत नाही. हौसा दांडा हापसताना म्हणाली, लई जड हाय. ती बरोबर बोलली. दांडा वीतभर लांब पाहिजे होता. मी पुरुषाच्या हाताचा केला. नवा दांडा परवाच्या एस. टी.ने पाठवतो. जुना टाकू नका, लोखंड चांगलं आहे.

हापसा इथून निघाला कसा, ते तिथे बायांपुढे सांगितलं नाही. बाराव्या नावाचं तू लिहिलंस ते खरं आहे. दुसऱ्यांदा वाचलं नाही, एकदा पुरलं. दुसऱ्या दिवशी बाजार होता. सहादेव, मी आणि टेम्पोवाला भिमाजी, तिघे भर दुपारी शेठच्या दुकानापुढे गेलो. मुनीम धावला, म्हणाला, मंडळाच्या मालाला हात लावू नका. मी म्हटलं, मंडळाचा माल मंडळालाच ठेवतोय. पेचकस काढला, पाटीचे चारही स्क्रू सोडवले, पाटी पुसून टेबलावर उभी केली आणि हार तिच्या गळ्यात घातला. हिरवा रंग खरवडून द्यावा असं सहादेवाचं म्हणणं पडलं, पण भिमाजीला घाई होती. भाडं विचारलं, तर भिमाजी म्हणाला, माझ्या टेम्पोच्या मागच्या स्प्रिंगचा पाटा तडकलाय, तो जोडून दे. बाजारातले लोक बघत होते. कापडवाले श्रीमंतशेठ दारात आले, पाटीकडे बघितलं, आणि अक्का, आपलं नाव पहिलं आहे ना, तेवढं बघून आत गेले.

मी परतलो त्या दिवशी मंडळाची तातडीची सभा होती. माझ्या निषेधाचा ठराव मांडला. सूचक मिळाला, अनुमोदक मिळेना, कारण अकरांपैकी सातांची यंत्रं दुरुस्तीला माझ्याकडे पडून आहेत. शेवटी चहा पिऊन सभा संपली. परवा दवाखान्याचा मोठा बंब बिघडला, तर थॉमस मास्तरांनी मंडळाला न विचारता सरळ सहादेवाला आणि मला बोलावलं. सहादेवाने विचारलं, की राजूरच्या बाया पुढच्या मोसमात हिरडा देतील का, तो त्यांच्या पखाली शिवून देईल. बायांना विचारून कळव. त्याला लेखी लागत नाही.

तुमच्या बंबाचा जोड मी येताना पाहिला. तो माझाच होता. दुरुस्त केलाय, परात काढून ठेव.

पार्वतीचा खोकला उतरला. हौसाला म्हणावं, जड उचलू नको, आणि मुलाचं नाव माझ्यावरून ठेवू नको, मला चालणार नाही असं नाही, पण नको. दाजींना नमस्कार. या भावावर माया ठेवावी, तो ती मागणार नाही.

तुझा,
बन्सी

ता. क. पाहुण्यांची तारीख नक्की झाली, येत्या रविवारी. काल राधाकृष्णशेठ स्वतः माझ्या दुकानात आले, स्टूल पुसून बसले. म्हणाले, झालं गेलं सोडा. रविवारी व्यासपीठावर बसा, शाल-श्रीफळ घ्या. पाहुण्यांपुढे एवढंच म्हणा, की वाडीचा हापसा ही मंडळाची सप्रेम भेट. पाटी नवी करू, तुमचं नाव सर्वांत वर आणि सर्वांत मोठं. शिवाय थैली. मी नाही म्हणालो. थैलीत एक हजार एक रुपये होते. वरचा एक शुभ म्हणून.