जन्माची नक्कल मिळण्याबाबत

१२ मार्च १९३६, कळसाडी

ठरलं म्हणे! आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की फुलाचं लग्न. मला कोणी विचारलं नाही, कोणी सांगितलंही नाही. मी चुलीपाशी भाकरी थापत होते, ओट्यावर बोलणं चाललं होतं, ते कानावर आलं. दोन भाकरी करपल्या.

सासूबाई ह्यांना म्हणत होत्या – "पोर मोठी व्हयनी. आते कितला दिन ठेवशी?" हे गप्प. ह्यांचं गप्प म्हणजे हो. नवरा तळोद्याकडचा, बिजवर. ऊस, विहीर, दोन जोड्या बैल. मुलीपेक्षा बैलांचीच चौकशी जास्त झाली.

फुला थोरलीची मुलगी. थोरली म्हणजे ह्यांची पहिली बायको. ती वारली, आणि मग मी आले. तेव्हा आता सगळी आळी म्हणणार – सावत्र माय शे, तिनीच काढी दिनी. म्हणोत. पण फुलाही तेच म्हणेल, त्याचं काय करू?

१४ मार्च

फुला बोलत नाही. तीन वेळा हाक मारली. चौथ्यांदा आली ती विचारायलाच – "तुले मन्हं ओझं व्हयनं का?" सासूबाई दारात उभ्या होत्या. मी पीठ चाळत राहिले. ती पाण्याला निघून गेली.

मी लग्न होऊन आले तेव्हा ही परकरातली, दुधाचे दात पडत होते. दोघी मागच्या ओसरीवर सागरगोटे खेळायचो. बाया हसायच्या, कोण आई नि कोण मुलगी म्हणून. आणि आज मी तिला ओझं म्हणणार!

१६ मार्च

झोप नाही, कामात लक्ष नाही. कायद्याची आठवण झाली. चौदाच्या आतल्या मुलीचं लग्न लावलं तर बापाला शिक्षा. नंदुरबारला आमचे दादा, म्हणजे माझे वडील, शाळामास्तर, त्यांनी पेपरातून मोठ्यानं वाचून दाखवलं होतं. कायदा लागायच्या आधी लोकांनी पाळण्यातल्या पोरी उजवल्या. दादांनी घाई केली नाही. कायदा लागू झाल्यावर, तीस सालच्या वैशाखात, माझं लग्न केलं आणि भर मांडवात सांगितलं – "शांती चौदा पूर्ण आहे. कोणीही कागद पाहावा." मला शाळेत उशिरा घातलं म्हणून मी पाचवीतच राहिले, नाहीतर फायनल झाले असते.

मग फुला किती वर्षांची? ह्यांना विचारलं. "व्हई चौदा-पंधराची." सासूबाई म्हणाल्या पूर आला त्याच्या आधीची. शेजारचे म्हणाले पुराच्या नंतरची. आणि कोणता पूर, त्यावर दोघांचं भांडण! मी दातांवरून मोजते – बारा. पण दात काही कचेरीत चालत नाहीत.

दादांचं नेहमीचं वाक्य – तोंडी बोलू नये, कागद मागावा.

१७ मार्च

पोलीसपाटलाच्या घरी विरजण मागायला गेले. विरजण निमित्त. जन्म-मरण तेच लिहितात. पाटलीणबाईंनी सांगितलं, जुनी बुकं घरात राहत नाहीत, शहाद्याला मामलेदार कचेरीत जातात. तिथं अर्ज केला की उतारा मिळतो. नक्कल म्हणतात तिला. कोणालाही मिळते का? कोणालाही, म्हणाल्या, तिकीट लावलं की.

विरजण घरी आणायचं विसरले.

२१ मार्च

शहाद्याचा बाजार. मिरची घ्यायची म्हणून गाडीतून गेले.

कचेरीसमोर लोटनअप्पा अर्ज लिहायला बसतात. चटई, दौत, पुढ्यात चार माणसं. मी म्हटलं, लिहिता मला येतं, फक्त कसं लिहायचं ते सांगा. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. रागावले नाहीत. म्हणाले, "गाव लिख, साल लिख, बापनं नाव लिख. पोरनं नाव नको."

का? तर जन्म लिहितात तेव्हा बाळाला नाव कुठं असतं! बारसं नंतर. बुकात नुसतं 'मुलगी' असतं. हे मला सुचलंच नसतं. आणि साल नक्की नसेल तर मागची पुढची सालं घालायची, प्रत्येक सालाच्या शोधाची फी निराळी. मी तीन सालं घातली.

बापाचं नाव लिहायची वेळ आली. ह्यांचं नाव मी कधी उच्चारलेलं नाही. लिहायला काय हरकत आहे? तरी हात थांबला. शेवटी लिहिलं – उदेसिंग. पहिल्यांदा.

मग 'अर्जदाराचा संबंध'. मी लिहिलं – आई. अप्पा म्हणाले, सख्खी का सावत्र? मी म्हटलं, रकान्यात तसं विचारलंय का? नाही म्हणाले. मग राहू दे, म्हटलं.

कोर्ट फीचं तिकीट लावलं, अर्ज खिडकीत दिला. कारकुनानं पोच दिली. पोच मागून घ्यायची असते, हेही अप्पांनीच सांगितलं, नाहीतर अर्ज हवेत जातो.

मिरची तिखट नाही. सासूबाईंची बोलणी खाल्ली.

२५ मार्च

काही नाही.

२६ मार्च

काही नाही. मांडवासाठी बांबू आले.

३० मार्च

शहाद्याला जाणाऱ्या शेजारणीजवळ पोच दिली होती, तिनं उत्तर आणलं. एक ओळ. 'मौजे कळसाडी, सदर सालांत नोंद आढळून येत नाही.'

नाही म्हणजे काय? पोर जन्मलीच नाही? माझ्या डोळ्यांसमोर ती शेण थापते आहे!

पाटलानं लिहिलंच नसेल. किंवा कसर लागली असेल. कागदावर भरवसा ठेवून बसले, मूर्ख मी. आज दादांचाही राग आला.

४ एप्रिल

घरात बसवत नाही, बाहेर जाववत नाही. हळद कांडली. फुलाच्याच लग्नाची हळद, आणि मीच कांडते आहे. ती समोर बसून बघत होती. तिच्या नजरेला नजर दिली नाही.

७ एप्रिल

सापडलं! सापडलं म्हणजे चूक सापडली.

समोरची सून आज माहेरी गेली, पहिलटकरीण आहे. गाडीत गादी घातली, बाया वाटेला लावायला गेल्या. मी वेड्यासारखी विचारलं, इथंच सुईण आहे की, एवढ्या उन्हात कशाला? सासूबाई फिस्कन हसल्या – "पहिलं बाळतपण माहेरमाज व्हस. इतलं बी समजस नही का तुले?"

समजतं हो! पण अर्ज लिहिताना समजलं नाही. फुला थोरलीचं पहिलं मूल. म्हणजे ती कळसाडीत जन्मलेलीच नाही. थोरलीच्या माहेरी जन्मली, रनाळ्याला. तिथल्या पाटलानं तिथल्या बुकात लिहिली असेल. आणि रनाळ्याची बुकं शहाद्याला नव्हेत, नंदुरबारच्या कचेरीत!

थोरलीचं माहेर ह्या घरात कोणी काढत नाही. ती वारल्यावर तिचा भाऊ इंद्रसिंग फुलाला न्यायला आला होता, पोर मी वाढवतो म्हणून. ह्यांनी दिली नाही, शब्दाला शब्द वाढला, तेव्हापासून येणंजाणं बंद. म्हणून माझ्याही डोक्यात ते गाव आलं नाही.

आता नंदुरबारला जायचं कसं? आखाजी! सगळ्या सासुरवाशिणी माहेरी जातात. दर वर्षी मला दोन दिवस उशिरा सोडतात. यंदा मी आधी मागणार.

१९ एप्रिल

सोडलं. प्रकाश्याला नावेतून तापी ओलांडली. पाणी कमी, नावाडी बांबूनंच ढकलत होता. मला वाटत होतं उतरून पळावं.

२० एप्रिल, नंदुरबार

दादांना सगळं सांगितलं. फार खूश झाले. "कागद मागितलास. शाबास." स्वतः कचेरीपर्यंत आले, अर्ज वाचून एक वेलांटी दुरुस्त केली.

खिडकीपाशी मला हुक्की आली. म्हटलं, मीही इथलीच, माझीही नक्कल मागावी. आपलं बुकातलं नाव बघायची हौस. नाव नसतंच म्हणा – 'मुलगी'. दादा म्हणाले, "तुझी कशाला? शाळेच्या पटावर आहे की, माझ्या हातची." पण तोवर मी दुसरा अर्ज लिहून टाकला होता. मागची पुढची दोन-दोन सालंही घातली, कुठल्या पानावर असेल ठाऊक नाही म्हणून. दादा उन्हाचं कारण सांगून घरी गेले.

कारकून म्हणाला, लग्नाचं आहे तर एकीची आधी शोधतो. दुसरी सवडीनं, टपालानं पाठवू.

२४ एप्रिल

आज आखाजी. झोके बांधलेत, गाणी चाललीत. मी कचेरीत. सुट्टी असूनही कारकुनानं घरून बोलावून नक्कल दिली. भला माणूस.

मौजे रनाळे. जानेवारी १९२४. मुलगी. बाप उदेसिंग, राहणार कळसाडी. खबर देणार – इंद्रसिंग, मुलीचा मामा. खाली 'खरी नक्कल' आणि कचेरीचा शिक्का.

बारा! मी दातांवरून मोजलं ते बरोबर.

मी म्हटलं, आता लग्न थांबेल ना? कारकून खाली बघून म्हणाला, "बाई, हा कायदा लग्न लागल्यावर शिक्षा करतो. आधी थांबवत नाही."

परत येताना झोक्यावरच्या मुलींनी हाक मारली. गेले नाही.

२५ एप्रिल

रनाळ्याला गेले. कोणाला न विचारता, भुईमुगाच्या गाडीत बसून.

इंद्रसिंगमामा गोठ्यात होते. मी कोण ते सांगितलं. बसा म्हणाले नाहीत. मी नक्कल वाचून दाखवली. 'खबर देणार'पाशी आले तेव्हा म्हणाले, "मीच गयथू पाटलाकडे. मन्ही बहीण ओसरीवर व्हती, पोर गुंडाळेल व्हती." मग पुष्कळ वेळ गुरांना चारा घालत राहिले.

लग्नाचा दिवस सांगितला. मामाच्या जागी सासूबाईंचा भाऊ उभा राहणार आहे, तेही सांगितलं. हो नाही, नाही नाही. निघताना त्यांच्या बायकोनं माझ्या कपाळाला कुंकू लावलं, एवढंच.

२८ एप्रिल, कळसाडी

ह्यांना नक्कल दाखवली. वाचली. माझ्यावर ओरडले नाहीत, तेच वाईट. कागद घडी करून परत दिला. "दंड भरसूत."

बस. दोन शब्दांत माझे सगळे अर्ज संपले.

१ मे

उद्या लग्न. फुलाला हळद लावली. मी कांडलेली. आज मी तिच्याकडे पाहिलं, तिनं पाहिलं नाही.

२ मे

आजचं आजच लिहून ठेवते.

वऱ्हाड आलं. अंतरपाट धरला. मुलीच्या मागं मामा उभा राहतो तिथं सासूबाईंचे भाऊ जाऊन उभे राहिले. तेवढ्यात मांडवाच्या दारातून आवाज आला – "सख्खा मामा जिता शे."

इंद्रसिंगमामा. डोक्याला नवं पागोटं, हातात फुलासाठी लुगडं. सरळ आत आले, ते लुगडं फुलाच्या खांद्यावर ठेवलं आणि वळून नवऱ्याच्या बापाला म्हणाले, "मन्ही बहीणनी पोर शे. बारा वरीसनी शे. मी उभा ऱ्हाणार नही."

कचेरीच्या शिक्क्याला ज्यांनी दंड भरतो म्हटलं ते हे, मामापुढं खाली मान घालून उभे! नवऱ्याचा बाप शेवटी उठला. "सख्खा मामा नही म्हणस, मंग आमन्हं बी नही." गाड्या जुंपल्या. सगळ्यांचं जेवण तसंच राहिलं.

मामांनी फुलाला नेलं नाही. ह्यांना एवढंच म्हणाले, दोन वर्षांनी मी येईन, मागं उभा राहीन, बोलाव.

४ मे

हे माझ्याशी बोलत नाहीत. सासूबाई भांडी आपटतात. बुंदीचे लाडू गल्लीत वाटून संपेनात. मामाला कोणी सांगितलं हे कोणी विचारत नाही, म्हणजे सगळ्यांना ठाऊक आहे.

दुपारी मागच्या ओसरीवर गेले तर फुला बसलेली, पुढ्यात सागरगोटे. वर न बघता म्हणाली, "तुन्हा डाव."

हरले. मुद्दाम नाही, खरंच हरले.

९ मे

टपाल आलं. माझी नक्कल.

जन्म मार्च १९१८. मुलगी. खबर देणार – बाप, शाळामास्तर.

म्हणजे मांडवात दादांनी चौदा पूर्ण म्हणून सांगितलं, तेव्हा मी बारा वर्षांची होते. फुला आज आहे तेवढी.