अब्रूपुरतं खिंडार

१२ ऑक्टोबर १६३४

तोफा आल्या! वेढा पक्का झाला. स्वीडनसाठी हे जर्मन गाव राखायचं आहे मी — ॲबर्डीनच्या कॉलेजात नीतिशास्त्र शिकलेल्या स्कॉटिश माणसाने. आधी डेन्मार्कसाठी लढलो. याला कारकीर्द म्हणतात.

१३ ऑक्टोबर

बाहेर जर्मन बादशहाच्या फौजेचा कर्नल कोण, तर निनियन स्कीन! कॉलेजात एका बाकावर होतो. पांढऱ्या निशाणाखाली भेटलो.

“अरे, तू अजून कप्तानच?” — हे त्याचं पहिलं वाक्य.

रिवाज दोघांनाही पाठ. भिंतीला खिंडार पडण्याआधी शरण गेलो, तर माझेच वरिष्ठ माझं डोकं उडवतील. पडल्यावर ताणून धरलं, तर त्याचे शिपाई घुसून सगळ्यांना कापतील. म्हणजे खिंडार हवंच — पण अब्रूपुरतं.

१५ ऑक्टोबर

भिंत पडेना! महापौर टोबियास क्रेल खूश. “आमच्या आजोबा-पणजोबांनी बांधलीय, कप्तानसाहेब!” मला घाम फुटलेला.

१६ ऑक्टोबर

थोडे दगड ढासळले. एक शेळी कशीबशी जाईल एवढं भोक. स्कीन खालून ओरडला, “पुरे का रे?”

“अजून थोडं!” मी ओरडलो.

क्रेल शेजारीच उभा होता. माझ्याकडे बघत राहिला.

ही फितुरी का? नाही, रिवाज आहे. उत्तर फार चटकन सुचलं — तेच खटकतंय.

१७ ऑक्टोबर

पडलं एकदाचं! घोडेस्वार जाईल एवढं. कुणी नाव ठेवणार नाही.

दिवसभर स्कीनच्या तंबूत तहाच्या अटी. नगारे वाजवत निघायचं की मुकाट? निशाणं उघडी की गुंडाळलेली? बंदुकांच्या वाती पेटत्या की विझलेल्या? वातींवर तो अडून बसला. मी लॅटिन वचन फेकलं. हसला, सोडून दिलं. शिवाय प्रत्येकाने तोंडात बंदुकीची गोळी धरून निघायचं — म्हणजे अजून लढू शकतो, हरलेलो नाही! सगळं मिळवलं. वाईन त्याचीच. चांगली होती.

१८ ऑक्टोबर

निघालो. नगारे, निशाणं, पेटत्या वाती. वेशीत क्रेल आडवा आला. “कप्तानसाहेब, गाव लुटणार नाहीत ना? अटींत आमचं घातलंत ना?”

गावाचा विषयच निघाला नव्हता. स्कीनने काढला नाही, मला आठवला नाही.

तोंडात गोळी होती. बोलता आलं नाही.

थुंकता आली असती.