उडीद भिजत घातला आहे

सासूबाई, तुमचा परसातला वाटायचा दगड काल पुन्हा कामाला लागला, तेवढं तुम्हाला कळवावंसं वाटलं. इतकी वर्षं मी त्यावर तुळशीची कुंडी ठेवली होती. ती उतरवताना माझी कंबर धरली, आणि खळग्यातून एक बेडूक निघाला तो माझ्याकडे असा बघत गेला की घर त्याचं आणि पाहुणी मी. तुम्ही असतात तर आधी बेडकाची चौकशी केली असती, मग माझ्या कंबरेची.

कारण तुमची पणती. माझ्या मुलाची मुलगी. हिशेबाची ती मोठी परीक्षा असते ना, तिच्यात पोरगी दुसऱ्यांदा नापास झाली. रडली असती तर मला काळजी वाटली नसती. पण ही वेळेवर जेवते, हसते आणि विचारलं की म्हणते, "मी ठीक आहे, आजी." तिच्या बापाने अपयश ही यशाची पहिली पायरी असं सांगितलं. शेजारणीने आपल्या कुणा भाच्याची गोष्ट सांगितली, जो सात वेळा नापास होऊन आता अमेरिकेत आहे. पोरीने सगळ्यांचे आभार मानले आणि खोलीचं दार लावून घेतलं. ते "ठीक आहे" मी ओळखते. तुमच्या घरात मी तेच म्हणत होते.

मी लग्न होऊन वाईहून कुंभकोणमला आले तेव्हा मला सांगितलं होतं की माणसं आपलीच, शेकडो वर्षांपूर्वी तिकडे गेलेली, घरात मराठीच बोलतात. बोलत होतात खरं, पण तुम्ही तोंड उघडलंत की मला वाटायचं कुणी बखर वाचतंय. घराबाहेर पाऊल टाकलं की सगळं तमिळ, तिथे तर मी मुकीच. भाजीवाल्याला वांगं बोटाने दाखवायचं आणि तो देईल ते घरी आणायचं. भाकरीची आठवण यायची, आणि आईची त्याहून जास्त. माझं सांबार घरात सगळे मान खाली घालून खात. तुमचा मुलगा शाळेत गणित शिकवायचा, तो दोनदा वाढून घेऊन "छान" म्हणायचा, आणि त्या "छान"ने मला जास्तच रडू यायचं.

मग एका संध्याकाळी तुम्ही मला दगडापाशी बसवलंत. उखळासारखा खळगा, त्यात उभा गुंडा. तुम्ही गुंडा गरगरा फिरवणार आणि मी कडेला आलेलं इडलीचं पीठ हाताने आत ढकलणार. चुकलं तर बोटांची चटणी. म्हणून दोघींचे डोळे खळग्यातच. समोरासमोर बसूनही एकमेकींचं तोंड दिसत नाही. तुमच्या तोंडात विडा, आणि तुम्ही काय म्हणालात ते मला अजून ऐकू येतं.

"पोरी, हा दगड फिरतो तोंवर खोटें बोलायचें नाही. लबाडीनें पीठ फुगत नाही. थांबला म्हणजे मग पाहिजे तितकें खोटें बोल, शेजारणी आहेतच."

मी म्हटलं, "बरं."

"सेरि. ठरलें. मग पहिलें मी सांगतें. तुझें सांबार वाईट आहे."

मी पीठ ढकलायची थांबले. तुम्ही नाही थांबलात. "माझें याहून वाईट होतें. मामंजी तें केळीच्या बुंध्याशीं ओतून यायचे. तें केळ मेलें."

मी हसले की रडले ते मला नीटसं आठवत नाही, बहुधा दोन्ही. पण त्या घरात पहिल्यांदा कुणी मला खरं सांगितलं होतं, आणि मला फार बरं वाटलं. मग मीही सांगून टाकलं, की मला इथे राहायचं नाही, माझी ट्रंक भरलेली आहे. मला वाटलं आता दगड डोक्यात बसणार. तुम्ही पान थुंकून आलात, पुन्हा गुंडा धरलात आणि म्हणालात, "मी तर गेलेंच होतें."

ती गोष्ट मी पुढे शंभर वेळा ऐकली, तरी पहिल्यांदा ऐकताना माझा हात खळग्यातच राहिला होता. तुम्ही नवी नवरी, माहेर तंजावरचं. सकाळी कुणाला न सांगता स्टेशन गाठलंत, गाडीत बसलात. स्वामीमलै स्टेशन गेलं, आणि पुढचं सुंदरपेरुमाळ कोयिल येताना तुम्हाला आठवलं की आपण उडीद भिजत घालून आलो आहोत. सासू आजारी, वाटायला घरात दुसरं कुणी नाही, आंबून वाया जाणार. तिथेच उतरलात आणि पेंढ्याच्या बैलगाडीत बसून संध्याकाळच्या आत परत. केसांत पेंढा घेऊन वाटायला बसलात.

"सगळे सांगतात, संसारासाठीं परत आली. थोर बाई. अग, मी उडदासाठीं परत आलें."

"मग बरं कधी वाटलं?"

गुंडा फिरवता फिरवता तुम्ही म्हणालात, "बरें वाटलें असें नाही. एके दिवशीं ध्यानांत आलें, कीं वाईट वाटायचें राहून गेलें."

मग म्हणालात, तुला जायचं तर जा, स्टेशनवर मी येते पोचवायला, फक्त उद्याचं पीठ तेवढं वाटून जा. मी म्हटलं ठीक. दुसऱ्या दिवशी पीठ वाटलं, तर तोवर परवाचा उडीद भिजलेला. अर्धवट टाकून कसं जायचं? असं माझं जाणं पिठावर पीठ पुढे गेलं. त्या दगडापाशी तुम्ही मला तुमची दोन गेलेली लेकरंही सांगितलीत. मी काही बोलायला गेले तर म्हणालात, समजूत घालूं नको, नुसतें ऐक; लेकरूं गेलें त्याच्या दुसऱ्या दिवशीं मला भूक लागली, आणि त्या भुकेची मला लाज वाटली, तरी जेवलें. मला आयुष्यात कुणी इतका धीर दिला नाही, आणि त्यात धीर देणारा एक शब्द नव्हता.

तुमच्या तेराव्याला मागच्या गल्लीतली फुलवाली रडत आली. म्हणाली, अशी उदार बाई पुन्हा होणार नाही, ही सून नवी आली त्या वर्षी रोज भांडं भरून पीठ द्यायच्या, माझी पोरं इडली पाहिली की पळायला लागली होती. मी मनात हिशेब केला. घरात आपण चौघं, आणि पीठ लग्नघराचं. मला कधी प्रश्नच पडला नव्हता. ट्रंक तर मी कधीच रिकामी केली होती.

तर काल पोरीला म्हटलं, विजेचा ग्राइंडर बिघडलाय, जरा हात लाव. ती गुंडा फिरवायला बसली, ढकलायला मी. चार वेढ्यांत दमली. मी तिला नियम सांगितला. तिने पुन्हा गुंडा धरला. मग म्हणाली, "आजी, खरं सांगू? तुझं सांबार खारट असतं."

"ठाऊक आहे. पुढे?"

"मी दोन्ही वेळा मन लावून अभ्यास केला होता. आळस केला असता तर बरं झालं असतं गं. निदान कारण तरी सापडलं असतं."

सासूबाई, पुढच्या वेळी होशील पास, असं ओठांवर आलं होतं, पण दगड फिरत होता. मग मी तिला माझी ट्रंक सांगितली, तुमची गाडी सांगितली आणि ते मेलेलं केळ. ती रडली, केळापाशी हसली आणि मग तिनेही तेच विचारलं, बरं कधी वाटलं. मी तुमचंच उत्तर दिलं. उठताना हात धुता धुता म्हणाली, "उद्या पण वाटायचंय का?"

हे पत्र काही मी कुठे टाकणार नाही. तुमच्याकडे टपाल जातं असं अजून ऐकलेलं नाही. पण दगड आत्ता थांबलेला आहे, तरी खरं सांगते. ग्राइंडरला काही झालेलं नाही, त्याची वायर माझ्या लुगड्यांखाली आहे. आतल्या पातेल्यात कालचं आणि आजचं, दोन दिवसांचं पीठ पडून आहे. फुलवालीच्या नातीला भांडं घेऊन यायचा निरोप धाडलाय, आणि उद्यासाठी उडीद भिजत घातला आहे.