घर माझं, नकार शहराचा

मेरिडन फॉल्स, ओहायो
१२ ऑगस्ट २००१

चि. लेम्युएल यास,
अनेक आशीर्वाद वि. वि.

इकडे मी ठीक. टोमॅटो इतके लागलेत की आता शेजारीपाजारी मला पाहून रस्ता बदलतात. मागच्या खोलीचं छप्पर मात्र पुन्हा गळतंय आणि त्यावरूनच एक लचांड मागे लागलं आहे.

आपल्या चर्चमधला केल्विन प्राइस, गायकवृंदात गातो तो, एका कर्जाच्या कंपनीत लागलाय. महिनाभर येतोय. घर गहाण ठेवा, छप्पर करून घ्या, दवाखान्याची बिलं त्यातच फेडा, वर हातात चार पैसे राहतील, असं त्याचं म्हणणं. मला मदर म्हणतो. पीच घालून भाजलेला माझा गोड कॉब्लर दोनदा मागून घेतो. समोरच्या बेसी टॉलिव्हरने अशाच एका पोराच्या पुढ्यात, स्वतःच्याच स्वयंपाकघरात बसून सह्या केल्या होत्या. पुढे व्याज चढत गेलं आणि गेल्या महिन्यात तिच्या अंगणात लिलावाची पाटी लागली. ती आता मुलीकडे एका खोलीत राहते.

हे सगळं मला कळतं रे. तुझ्या मेव्हण्याने, ओटिसने, कारखान्याच्या भट्टीपुढे आयुष्य जाळून हे घर फेडलं, ते मी कागदावर ठेवायची नाही. पण पोरगं समोर बसून जेवत असतं आणि माझ्या तोंडून निघतं, बघते हं बाळा. परवा तर पुढच्या आठवड्यात कागद घेऊन ये, असंही म्हणून बसले. आता काय करू ते लवकर कळव.

तुझी ताई,
आर्डेलिया

कोलंबस
१७ ऑगस्ट २००१

ती. आर्डेलियाताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसलो, मग घाम फुटला. लहानपणी मला रोज दहा गोष्टींना नाही म्हणायचीस, तो नकार कुठे ठेवून आलीस?

असो. तुमच्या नगर परिषदेने या उन्हाळ्यात एक कायदा केलाय, तो तुझ्या कानावर आलेला दिसत नाही. घरावर इतक्या चढ्या व्याजाचं कर्ज द्यायचं असेल तर घेणाऱ्याने आधी शहराच्या सल्लागाराकडे बसून सगळा हिशेब समजून घ्यायचा. त्याची चिठ्ठी मिळाल्याशिवाय सही करून घेता येत नाही. तेवढंच त्या पोराला सांग. आणि कॉब्लर जरा कमी गोड कर.

तुझा,
लेम्युएल

मेरिडन फॉल्स
२ सप्टेंबर २००१

चि. लेम्युएल यास,
अनेक आशीर्वाद वि. वि.

सांगितलं. कागद टेबलावर मांडून झाले होते, पेनाचं टोपणही काढलं होतं त्याने. म्हटलं, माझी काहीच हरकत नाही बाळा, पण शहराचा नियम आहे ना, आधी सल्लागाराकडे जाऊ या दोघं. त्याचा चेहरा पडला. त्या भानगडीत कंपनी पडत नाही म्हणाला आणि कागद गुंडाळले. माझ्यावर राग नाही, सगळा राग परिषदेवर. रविवारी चर्चमध्ये नेहमीसारखा गळ्यात पडला.

किती बरं वाटलं म्हणून सांगू! वाईटपणा शहराने घेतला, मी होते तशीच गोड राहिले. आपल्या वॉर्डाच्या नगरसेविका बाईला मी बरणीभर लोणचं नेऊन दिलं. कशाबद्दल ते तिला कळलं नाही. छपराला चर्चचं काम पाहणाऱ्या डीकनने डांबर फासून दिलंय, हा हिवाळा निघेल.

माया आहेच, ती वाढू दे.
आर्डेलिया

कोलंबस
२६ फेब्रुवारी २००२

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बातमी चांगली नाही. विधानभवनात दार उघडायचं काम माझं, त्यामुळे कोण आत जातं ते दिसतं. हा सगळा हिवाळा कर्जवाल्या कंपन्यांची माणसं उंची कोट घालून येत होती. गावोगाव वेगळा नियम असला तर धंदा कसा करायचा, हे त्यांचं रडगाणं. शेवटी त्यांचं ऐकलं गेलं. यापुढे असे नियम फक्त राज्य करणार, शहरांनी केलेले मे महिन्यापासून रद्द. राज्याच्या नियमांत पळवाटा भरपूर. शहर कोर्टात जाईल म्हणतात, पण त्यात वर्षं जातील. ज्यांनी हे केलं त्यांच्यासाठी मी दार धरून उभा होतो, याची मला लाज वाटते.

केल्विन आता पुन्हा येणार. तुझा स्वभाव मला माहीत आहे, म्हणून सुचवतो. घर माझ्या नावावर करून टाक. मग तुला म्हणता येईल, भावाला विचारते. वाईटपणा मी घेईन, मला त्याची सवय आहे.

काळजीत असलेला,
लेम्युएल

मेरिडन फॉल्स
१९ मे २००२

चि. लेम्युएल यास,
अनेक आशीर्वाद वि. वि.

केल्विन मंगळवारी आला. आता ती कटकट गेली मदर, म्हणत खुर्ची ओढून बसला. मी कॉफी ओतली. भावाला विचारते, हे अगदी ओठावर आलं होतं. मग समोर लक्ष गेलं. बेसीच्या ओसरीवर कुणी परके लोक रंग लावत होते.

म्हटलं, नाही. मला कर्ज नको.

त्याला वाटलं मला नीट कळलं नाही. नियम आता उरला नाही, असं त्याने सावकाश समजावलं. म्हटलं, ठाऊक आहे. हे शहर म्हणत नाही, मी म्हणतेय. बोलता बोलता माझी कॉफी बशीत सांडली. त्याने कप बाजूला सारला. मग जरा दुखावूनच विचारलं, हेच पहिल्या दिवशी का नाही सांगितलंत?

काय सांगणार? तीस वर्षं गोऱ्यांच्या घरी स्वयंपाक केला, तिथे हो बाईसाहेब एवढंच चालायचं. घरी ओटिस, चर्चमध्ये पाद्री. कुणी काही मागितलं आणि मी नाही म्हटलं, असं झालंच नव्हतं. तुझ्याशी लहानपणी भांडायचे ते सोड. त्याला एवढंच म्हटलं, बाळा, तूच पहिला.

आणि लेम्युएल, दुसरा तू. घर तुझ्या नावावर करणार नाही.

रागावलास तरी पत्र पाठवत जा.
तुझी ताई,
आर्डेलिया